एकशे बासष्ट कंद

चोराने वाफा उकरला असता तर माती इतकी नीट सारखी करून ठेवली नसती, हे थोरलीच्या पहिल्याच नजरेत भरलं. आल्या आल्या, बॅगसुद्धा आत न टाकता, ती थेट मागच्या अंगणात गेली होती. नासपतीखाली पिकल्या पानांचा सडा पडला होता. शेजारच्या घराशी सामाईक असलेल्या भिंतीवर वेलाच्या कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या, आणि त्या भिंतीलगतचा आईचा लांबट वाफा दाताळं फिरवून ठेवल्यासारखा सपाट होता. तिने बॅग पायरीवर ठेवली, बाह्या सारल्या आणि मनगटाच्या वरपर्यंत हात मातीत घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून झालं तेव्हा हाती लागली दोन गांडुळं आणि कौलाची एक खापरी. कंद एकही नव्हता.

आई गेली तेव्हा वसंत संपत आला होता. ट्युलिपच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या, पानं तेवढी हिरवी उभी होती. ती पिवळी पडली की आई कंद काढायची, उन्हाळाभर कोरड्या जागी ठेवायची आणि थंडी पडायच्या आत पुन्हा लावायची. तीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. यंदा आईच नव्हती, तेव्हा कंद जमिनीतच राहिले असणार, काही कुजले असतील पण बरेचसे हाती लागतील, असा अंदाज बांधून थोरलीने आठ दिवसांची रजा काढली होती. पन्हळी साफ करायच्या, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, मागच्या दाराला रंगाचा हात द्यायचा, ही कामं तिने बाबांना फोनवर सांगितली होती. खरं काम सांगितलं नव्हतं.

खरं काम बारा कंदांचं होतं. आईला कुणीतरी कधीतरी एकच कंद दिला होता आणि त्याला काळ्या द्राक्षाच्या रंगाचं फूल आलं होतं. त्या एकाचे आईने वर्षावर्षाने बारा केले. शेवटच्या आजारात, उशीवरून मान न उचलता ती म्हणाली होती, "काळे तुझे. माती झाली की ने." थोरली तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्याकडे माती नव्हती, हातभर रुंदीची एक गॅलरी होती. तरी ती हो म्हणाली होती. आईचं कपाट, चष्मा, चपला सगळं जिथल्या तिथे होतं, पण त्यातलं काही उगवणार नव्हतं. उगवेल असं आईचं मागे एवढंच उरलं होतं, आणि ते कुणीतरी उचललं होतं.

बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते. पंप बनवणाऱ्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून नट, बोल्ट आणि वॉशर सांभाळलेला हा माणूस. घरात कुणी चमचा उचलला तरी तो परत कधी येणार याची त्यांना काळजी. थोरलीने हात धुता धुता, सहज आठवल्यासारखं, वाफ्याचं विचारलं. बाबांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मी कधी हात लावलाय का तुझ्या आईच्या वाफ्याला?"

हे काही उत्तर झालं नाही. अर्थात प्रश्न म्हणून त्यात तथ्य होतं. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी एकदा आईला मदत म्हणून वाफ्यातलं गवत उपटून काढलं होतं, आणि ते गवत म्हणजे तिने महिनाभर जिवापाड जपलेली रोपं निघाली होती. आईने आरडाओरडा केला नाही. तिने वाफ्याभोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि जाहीर केलं की या सुतळीच्या आत शेळ्यांना आणि तुम्हाला बंदी आहे. पुढे ती सुतळी घरातली कायमची थट्टा झाली. बाबा चपला शोधायला लागले की धाकटा म्हणायचा, सुतळीच्या आत बघा. आता तिथे सुतळीही नव्हती, खुंट्याही नव्हत्या.

थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. सोळा वर्षं लोकांच्या चुका शोधण्यावर तिचं पोट चाललं होतं, आणि अशा डोळ्यांना घरी आल्यावर सुट्टी देता येत नाही. संध्याकाळपर्यंत तिला तीन गोष्टी दिसल्या. भांड्यांच्या जाळीत दोन कप पालथे होते, दोन्हींच्या कडेला अजून ओल होती, आणि ती पोचायच्या आधी बाबा घरात एकटे होते. बाबांच्या सदऱ्याचं तिसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलं होतं, पक्कं, मागून गाठ न दिसेल असं. बाबांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. आणि जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला नवंकोरं कुलूप होतं.

कुलपाचं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, उंदीर फार झालेत.

उंदरांना कुलूप कशाला लागतं, हे तिने ओठांवर आणून गिळलं. तिला आठवलं की आई कंद त्याच खोलीत ठेवायची, लाकडी फळ्यांवर, रद्दीत गुंडाळून.

धाकट्याला फोन केला तर तो हसला. तू घर बघायला गेलीस की मुद्रित तपासायला, असं त्याने विचारलं. मग जरा थांबून म्हणाला, बाबांना एकटं वाटत असेल, कुणी चहाला येत असेल तर येऊ दे, आपण दोघं काही रोज जात नाही. हे बोलणं खरं होतं आणि म्हणूनच थोरलीला झोंबलं. चहाला कुणीही येवो, ती म्हणाली, पण येणाऱ्याने जाताना कंद न्यायचे नसतात.

कुणी, ते तिच्या मनात एव्हाना पक्कं झालं होतं.

भिंतीपलीकडच्या काकू शिवणकाम करायच्या. त्यांच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून आई त्यांना टाचणी म्हणायची, अगदी तोंडावर. दुपारची भांडी आवरली की दोघी एकत्र बसायच्या, कधी इकडे, कधी तिकडे. आईने घराची एक किल्लीही त्यांच्याकडे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली शिडी लावून पन्हळीतली पानं काढायला चढली तेव्हा भिंतीपलीकडचं सगळं अंगण तिला वरून दिसलं. काकूंच्या दाराशी ताजी उकरलेली माती होती, नीट ओळी पाडलेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी होती, नुसत्या मातीने भरलेली. आणि कुंडीशेजारी आईचं खुरपं होतं. मुठीला लाल चिंधी गुंडाळलेलं दुसरं खुरपं या रस्त्यावर असण्याची शक्यता नव्हती. ती चिंधी थोरलीच्याच लहानपणच्या फ्रॉकची होती.

पुढे तिने जे केलं ते ती कधी कुणाला सांगणार नव्हती. काकू शिवलेले पडदे पोचवायला बाहेर पडल्याचं पाहून ती भिंत ओलांडून पलीकडे उतरली, काठीने एका ओळीतली माती उकरली आणि वाकून हात घातला. हाताला लागली ती लसणाची पाकळी. तिने दुसऱ्या ओळीत पाहिलं. तिथेही लसूण. पाकळ्या घाईघाईने परत खोचून, माती दाबून ती भिंतीवरून परत आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. पण संशय काही उतरला नाही. त्याने आपली जागा तेवढी बदलली. कंद मातीत नाहीत म्हणजे घरात आहेत, एवढाच त्याने अर्थ काढला.

बाबा त्या सकाळी दहा वाजता अडगळीच्या खोलीत गेले, दार आतून लोटून घेतलं आणि तासाभराने बाहेर आले. कुलूप लावून किल्ली त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशावरून हात फिरवून ती पडल्याची खात्री केली. थोरली तेव्हा खिडकीच्या चौकटीत लांबी भरत होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले की कोपऱ्यात जास्त दाब, नाहीतर थंडीत सुटते. त्यांच्या बोटांच्या पेरांत माती होती.

दुपारी ती काकूंकडे गेली. मनाशी ठरवून गेली होती की आवाज चढवायचा नाही, फक्त किल्ली परत मागायची. काकू मशीनवर होत्या, मांडीवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. थोरलीने उभ्याउभ्याच सांगितलं की आमच्या घराची किल्ली हवी आहे. काकूंनी ओठांतली एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सहा टाचण्या झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"कशाला हवीय?"

"घरात असावी म्हणून."

"घरात दोन आहेत. ही तिसरी तिने माझ्याकडे दिली, ती घरात नको म्हणूनच."

थोरलीने खिडकीकडे पाहिलं. "आईचं खुरपं इकडे कसं आलं?"

"चालत आलं," काकू म्हणाल्या. "बाबांना विचार."

"बाबा काही सांगत नाहीत."

"मग मी कशी सांगू? माझ्या तोंडात टाचण्या असतात." त्या उठल्या, मशीनचा खण ओढला, रिळांच्या तळाशी हात घातला आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्लीला आईने बांधलेली सुतळी अजून होती. "आणि जाताना तो लसूण नीट पूर. दोन पाकळ्या उलट्या लावल्यास."

थोरली किल्लीकडे बघत राहिली. काकू पुन्हा बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

"तुमच्याकडे चार महिने माणसं भेटायला येतायत. यायलाच हवीत, तुम्ही घरचे. मी तेवीस वर्षं रोज दुपारी तिच्यासोबत बसले. मला भेटायला कुणी आलं नाही. तू पहिली आलीस, ती किल्ली मागायला."

थोरलीने टेबलावरची किल्ली उचलली. किल्ली मुठीत धरून ती घरी आली. लसूण पुरायला थांबली नाही.

संध्याकाळ नेहमीसारखी गेली. बाबांनी बटाटे सोलले, तिने अंडी उकडली, बातम्या लागल्या. काकूंनी काही सांगितलं की काय हे बाबांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. झोपायला जाताना मात्र ते दारात थांबले आणि म्हणाले, शेजारीणबाईंना किल्लीचं बोललीस ते बरं नाही केलंस. मग त्यांच्याकडेच राहू द्यायची होती का, तिने विचारलं. बाबांनी दिवा मालवला आणि ते गेले. थोरलीने त्यावरून एवढंच ताडलं की भिंतीपलीकडची बातमी रात्रीच्या आत इकडे पोचते.

सकाळी नऊला बाबा आंघोळीला गेले. सदरा न्हाणीघराच्या दाराबाहेर खुंटीला होता. थोरलीने आतल्या पाण्याचा आवाज ऐकला, सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली आणि किल्ली काढली. वडिलांच्या खिशात हात घालायची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. किल्ली त्यांच्या अंगाने कोमट होती.

कुलूप लगेच निघालं. आत दिवा लावला आणि ती उंबऱ्यातच थबकली.

अडगळीच्या खोलीत अडगळ नव्हती. फळ्या पुसलेल्या होत्या, आणि फळ्यांवर पुठ्ठ्याचे कप्पे करून त्यांत ओळीने, एकेकाची पुडी बांधून, कंद ठेवलेले होते. प्रत्येक पुडी एकाच मापाची, कागदाची टोकं आत दुमडलेली. प्रत्येक फळीला एक कार्ड टाचलेलं, कारखान्यात कप्प्यांना असायचं तसं, बाबांच्या काटकोनी अक्षरात. मोठे ४१. मध्यम ६३. लहान ५८. एकूण १६२. खाली एका स्टुलावर तराजू, जाडी मोजायचा लोखंडी कॅलिपर आणि एक वही. खिळ्याला सुतळीची गुंडाळी, आणि तिच्याखाली चार खुंट्या, मोळीसारख्या बांधून.

तिने एक पुडी उचलली. डोळे आधी पुडीच्या वर्तमानपत्रावरच्या तारखेवर गेले, ते त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. आई जाऊन तीन आठवडे झाल्यानंतरची तारीख होती. दुसरी पुडी, तीच. तिसरी, तीच. बाबांनी सगळे कंद एका दिवसात काढले होते. तिने सवयीने मोजायला सुरुवात केली. मोठे एकेचाळीस. लहान अठ्ठावन्न. मध्यम बासष्ट. तिने मध्यम पुन्हा मोजले. बासष्ट.

"पानं पिवळी झाली होती," बाबा मागून म्हणाले.

ते दारात उभे होते, केसांतून पाणी गळत होतं, सदरा उलटा घातलेला. खिशाचं काही बोलले नाहीत. थोरलीने हातातली पुडी खाली ठेवली.

"मग मला का नाही सांगितलंत? मी परवा विचारलं तेव्हा?"

बाबा स्टुलावरचा तराजू बाजूला सारून बसले. मग हळूहळू, मालाची तपासणी करणाऱ्या साहेबापुढे बोलावं तसं, त्यांनी सगळं सांगितलं. पानं पिवळी पडली की ती कंद काढते एवढं त्यांना पाहून माहीत होतं. न काढले तर पावसात कुजतील, म्हणून एका सकाळी त्यांनी सुतळी सोडली. एकही कंद खुरप्याने कापला जाऊ दिला नाही. सगळे एका बादलीत गोळा केले, धूळमाती पुसून काढली, तीन आकारांत लावले. त्यांना वाटलं, इतकं चोख काम भांडारातही कधी झालं नव्हतं. मग त्यांनी शेजारीणबाईंना बोलावून दाखवलं. शेजारीणबाई बराच वेळ फळ्यांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, रंग वेगळे ठेवलेत ना?

बाबांना रंगाचं माहीत नव्हतं. कंद सगळे सारखेच, तपकिरी, कांद्यासारखे. आत कुठला रंग आहे हे फूल आल्याशिवाय कुणाला कळायचं नाही, आणि आईने तर कधी कुठे चिठ्ठी लावलेली नव्हती.

"तिला चिठ्ठी लागत नव्हती," बाबा म्हणाले. "ती वर्तमानपत्राच्या पानावरून ओळखायची."

त्यांनी वहीखालून जुन्या कागदांचे चार गठ्ठे काढले. गेल्या वर्षी आईने वापरलेले कागद होते ते, चुरगळलेले, बाबांनी हाताने सपाट केलेले. पांढरे कंद खेळाच्या पानात. तांबडे पहिल्या पानात. पिवळे हवामानाच्या पानात. काळे शब्दकोड्याच्या पानात. दरवर्षी तसंच. चिठ्ठ्या गळून पडतात, शाई पुसली जाते, पण पुडीचा कागद पुडी सोडून जात नाही, असं आई शेजारीणबाईंना म्हणाली होती.

थोरली शब्दकोड्यांकडे बघत राहिली. अर्धी सोडवलेली होती, पेन्सिलीने. एका उभ्या शब्दात एक अक्षर जास्त बसवून आईने चौकटीबाहेर काढलं होतं. आईला कुठल्या खेळात किती गडी असतात हे सांगता येत नव्हतं, तरी खेळाचं पान ती रद्दीत कधी जाऊ द्यायची नाही. थोरली सात-आठ वर्षांची असताना एकदा मदतीला बसली होती, आणि हाताला येईल तो कागद देत होती. आई म्हणाली होती, खेळाचं दे म्हटलं ना. थोरलीला वाटलं होतं, आईला खेळाडूंची चित्रं आवडतात. मग ती उठून खेळायला गेली होती, आणि पुढे कधी तिने विचारलं नव्हतं. काकूंनी विचारलं होतं.

"तुझे काळे बारा," बाबा म्हणाले. "यातच आहेत. कुठले, ते मला सांगता येत नाही. मोजून पाहिलं, वजन केलं, साल बघितली. आधी वाटलं काळे लहान असतील. शेजारीणबाई म्हणाल्या, उलट, काळेच भरदार असायचे. त्याही येऊन बसतात कधी कधी, त्यांचे डोळे माझ्यापेक्षा बारीक. त्यांचं खुरपं मोडलं म्हणून तिचं दिलं." ते वहीची पानं उलटत होते. आकड्यांचे उभे रकाने, चार महिन्यांच्या सकाळी. "तू येण्याआधी सापडतील असं वाटलं होतं. म्हणून कुलूप."

मग त्यांनी वही मिटली.

"तिने मला अकरा वर्षं आत येऊ दिलं नाही. बरोबरच होतं तिचं."

थोरलीला म्हणायचं होतं की नाही, बरोबर नव्हतं. पण तिच्या हाती चार गठ्ठे होते आणि समोर तीन फळ्या, आणि बाबांना खोटं लगेच कळायचं. ती म्हणाली, सदरा उलटा घातलाय, आधी तो नीट करा. बाबांनी खाली पाहिलं, निळ्या दोऱ्याच्या बटणाची मागची बाजू चाचपली आणि ते उठले.

मध्यम बासष्ट आहेत, हे तिने सांगितलं नाही. सांगणारच होती. बत्तीस वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे न होऊ दिलेल्या माणसाचं कार्ड एकाने चुकतं म्हणजे कुणीतरी हात मारला आहे, असं तिच्या आतलं ते मुद्रित तपासणारं माणूस अजून ठामपणे म्हणत होतं. कार्डावर खाडाखोड नव्हती. कुणाला दिल्याची नोंद नव्हती.

दुपारी ती किल्ली घेऊन पुन्हा भिंतीपलीकडे गेली. आधी अंगणात वाकून तिने लसणाच्या दोन पाकळ्या उकरून सुलट केल्या. काकू खिडकीतून बघत होत्या हे तिला पाठीवर जाणवत होतं. आत गेल्यावर तिने किल्ली टेबलावर, काल होती त्याच जागी ठेवली आणि सांगितलं की चुकलं माझं. तिच्या धंद्यात हे वाक्य ती लोकांकडून ऐकायची, म्हणायची वेळ फारशी यायची नाही, त्यामुळे ते जरा तुटकच निघालं.

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मानेने खणाकडे खूण केली. थोरलीने खण ओढला, रिळं बाजूला केली आणि किल्ली तळाशी ठेवली. वळताना तिला खिडकीच्या कट्ट्यावरची कुंडी जवळून दिसली. मधल्या आकाराची, मातीने काठोकाठ भरलेली, वर काहीही उगवलेलं नाही. पण माती ओली होती, आणि खालच्या बशीत पाणी होतं. काही न लावलेल्या कुंडीला कुणी रोज पाणी घालत नाही.

तिने मान वळवली तेव्हा काकू तिच्याचकडे बघत होत्या. त्यांनी हातातलं अस्तर मांडीवर ठेवलं होतं आणि टाचण्या काढून मुठीत धरल्या होत्या, विचारलं तर उत्तर द्यायला तोंड मोकळं असावं म्हणून.

दिला की घेतला, एवढाच प्रश्न होता. तीन शब्दांचा. आणि घेतलेला कंद काळा असेल तर तो थोरलीचा होता, आईने उशीवरून दिलेला. एकशे बासष्टांत बारा. म्हणजे नसेलच कदाचित. असेलही.

"उद्या सकाळी लावतोय," थोरली म्हणाली. "वसंतात फुलं आली की देठांना दोरे बांधू म्हणते. चार रंगांचे दोरे लागतील."

"वसंतात लागतील ना," काकू म्हणाल्या. "आजच कशाला सांगतेस?"

"तेव्हा मी असेन की नाही, म्हणून."

"असशील," काकू म्हणाल्या आणि टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या.

सकाळी ऊन कोवळं होतं आणि नासपतीची पानं अधूनमधून पाठीवर पडत होती. काकू आईचं खुरपं घेऊन आल्या आणि काम झाल्यावर ते परत नेणार असल्याचं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. बाबा सुतळीची गुंडाळी घेऊन वाफ्याच्या बाहेर उभे होते. थोरलीने त्यांना हाताने आत ओढलं. मग ते खड्डे घेत गेले, वीतभर खोल, पट्टीने मोजून, आणि दोन खड्ड्यांत अंतर इतकं सारखं ठेवत गेले की काकू म्हणाल्या, हे काय नटबोल्ट बसवताय का. थोरली पुड्या सोडायची, टोक वर करून कंद ठेवायची, काकू माती लोटायच्या. सोडलेले कागद ती घडी करून बाजूला ठेवत होती. सगळे एकाच दिवसाचे, एकाच हाताने दुमडलेले. कुठल्याही पुडीवरून आत काय आहे ते कळत नव्हतं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, हा असेल. पुढच्यालाही वाटायचं.

शेवटच्या खड्ड्याशी त्या पोचल्या तेव्हा टोपली रिकामी होती. खड्डा एक उरला होता. बाबांनी कार्डाप्रमाणे मोजूनच खणले होते. काकू वाकलेल्या होत्या त्या तशाच राहिल्या, हात मातीवर. थोरलीने त्या रिकाम्या खड्ड्यात क्षणभर पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी त्यावर माती लोटून वरून थापटली, बाकीच्यांवर थापटली तशीच.

बाबा वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला खुंटी ठोकत होते. तिथूनच त्यांनी खिशातलं कार्ड काढलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि विचारलं,

"एकशे बासष्ट. बरोबर?"

"बरोबर," थोरली म्हणाली.